दुसरा फोटोवाला नको

मुलीच्या लग्नाला दुसरा फोटोवाला नको, हे मी घरात इतक्या वेळा आणि इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारणी जिन्यात भेटल्या की विचारायच्या, "काय मग, फोटोवाल्याचं काय ठरलं?" आमच्या लालबागच्या बिल्डिंगमध्ये एका घरात भांडी आपटली की दुसऱ्या घरातलं बाळ उठतं. त्यात माझा आवाज. आमचे हे म्हणतात, हिला सोसायटीच्या मीटिंगला माइक लागत नाही. त्यामुळे सगळ्यांना ठाऊक झालं होतं की ह्या बाईला थाटमाट नकोय, हिला साधेपणा हवाय. दोघीतिघींनी कौतुकही केलं. "आजकाल असा विचार कोण करतं गं?" मी मान डोलावून ते कौतुक घेतलं. लाज नाही वाटली तेव्हा. आता वाटते.

साधेपणाशी माझा काडीचा संबंध नव्हता. माझं कारण माझ्या तोंडावर होतं.

त्या वर्षी जुलैत एका सकाळी मी चूळ भरली आणि पाणी डाव्या बाजूनं गळ्यावर ओघळलं. म्हटलं, झोप उडाली नसेल नीट. परत भरली, परत तेच. आरशात बघितलं तर डावी बाजू उतरलेली. डोळा मिटेना, ओठ हलेना. मी किंचाळले, तर ते किंचाळणंही धड आलं नाही. ह्यांनी बनियनवर शर्ट चढवला आणि टॅक्सीत घालून मला परळला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्याच वयाची. म्हणाली, "काकू, घाबरू नका, लकवा नाहीये हा. चेहऱ्याची नस सुजलीय. बहुतेकांचं थोड्या दिवसांत पूर्ण बरं होतं."

बहुतेकांचं! मी आयुष्यात कधी बहुतेकांत बसलेय? औषधं घेतली, फुगे फुगवले, सकाळ-संध्याकाळ आरशासमोर उभी राहून आ, ई, ऊ केलं. डोळा मिटायला लागला, पाणी गळायचं थांबलं, बोलणं सुधारलं. पण ओठाचा डावा कोपरा उतरला तो उतरलाच. गप्प बसले तर फारसं कळत नाही. हसले किंवा रडले की उजवी बाजू वर जाते आणि डावी जागची हलत नाही. मग समोरचा माणूस आधी बघतो आणि मग न बघितल्यासारखं करतो. ते दुसरं मला जास्त लागतं.

मी दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर आहे, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हापासून. बाईच्या खांद्यावर पदर टाकायचा, तिला आरशासमोर उभं करायचं आणि तिच्या मागून हसत म्हणायचं, "घ्याच ही, तुमच्या रंगाला काय उठून दिसतेय!" ह्या एका वाक्यावर मी कपाटंच्या कपाटं रिकामी केलीत. आजारपणानंतर पहिल्यांदा काउंटरवर उभी राहिले तेव्हा एक बाई आरशात साडीकडे बघायची सोडून माझ्याकडेच बघत राहिली. साडी न घेताच गेली. मालक तसा वाईट माणूस नाही. म्हणाला, "ताई, थोडे दिवस आत बसा. फॉल-बिडिंगचं काम कुणीतरी बघायला पाहिजेच." मी आत बसले. अजून आतच आहे.

घरी येऊन हे सांगितलं तर आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अगं, ह्या वयात तुझ्या तोंडाकडे कोण बघतंय?" धीर द्यायलाच म्हणाले असतील. पण अशा वेळी ह्या माणसानं गप्प बसावं असं मला लग्न झाल्यापासून वाटत आलंय.

मग मुलीचं ठरलं. मुलगा तिच्या ऑफिसातला, गिरगावातला. ते लोक पिढ्यान्‌पिढ्या शिकलेले, कुणी वकील, कुणी बँकेत मोठ्या जागेवर. बोलणं हळू, हसणं त्याहून हळू. आम्ही कणकवलीकडचे, आमचे सासरे गिरणीत होते, आमच्याकडे कुणी गुपित सांगितलं तरी ते रस्त्यावर ऐकू जातं. माणसं चांगली आहेत हो ती. विहीणबाई पहिल्याच भेटीत माझा हात हातात घेऊन बसल्या. पण मी मात्र त्या भेटीत रुमाल तोंडाशी धरून बसले होते, सर्दी झाल्यासारखी.

साखरपुडा गिरगावात झाला. तिथं त्यांचा एक भाचा कॅमेरा घेऊन फिरत होता आणि तिथंच मला ती युक्ती सापडली. कॅमेरा कुठं आहे तिकडे सतत लक्ष ठेवायचं. तो सरकला की आपण सरकायचं. उजवा गाल त्याच्याकडे. ह्यांना डाव्या हाताला उभं करायचं, म्हणजे ती बाजू ह्यांच्या खांद्याआड जाते. ओठ मिटून ठेवायचे आणि डोळ्यांनी हसायचं. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आले आणि गावाहून नणंदेचा फोन, "गो वयनी, तुझा तोंड तर एकदम बरा झाला मगे! देवाक नारळ ठेव." मी म्हटलं, ठेवते. फोन ठेवला आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागल्यासारखी भूक लागली. चार घावणे खाल्ले.

आता लग्नाचा फोटोवाला ठरवायला आम्ही तिघं दादरला त्याच्या स्टुडिओत गेलो. तिशीचा मुलगा, दाढीवाला, बोलायला गोड. त्यानं लॅपटॉपवर एकेक लग्न दाखवायला घेतलं. मग दोन्ही हात समोरासमोर धरून समजावलं, "असं बघा काकू. अंतरपाटाच्या ह्या बाजूला ताई, त्या बाजूला दादा. पाट खाली आला की दोघं एकमेकांना बघतात. मी दादांच्या मागे उभा राहिलो तर ताईंचा चेहरा मिळतो आणि दादांची पाठ. ताईंच्या मागे राहिलो तर उलटं. दोन्ही चेहरे पाहिजेत तर दुसरा माणूस लागणार."

"पाहिजेत," मुलगी म्हणाली. लगेच. तिला असं पटकन काही मागताना मी फार वेळा बघितलेलं नाही. ती लहानपणी खेळण्याच्या दुकानासमोरसुद्धा नुसती उभी राहायची.

मीही हो म्हणणारच होते. तेवढ्यात तो पुढे म्हणाला, "आणि दोघं असलो की काही सुटतच नाही ना. कन्यादानाला एक ह्या बाजूनं, एक त्या बाजूनं. काकू, तुमचे इतके मस्त फोटो येतील ना! कधी काढले ते तुम्हाला कळणारसुद्धा नाही."

एका कॅमेऱ्याला मी चुकवू शकते. दोघांना कशी चुकवू? एकाकडे उजवा गाल केला की दुसऱ्याला डावा आयताच मिळणार. पुन्हा कळणारही नाही म्हणे! मी पर्स उचलली आणि म्हटलं, "एकच पुरे." मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. हे तर अर्धवट उठलेले, परत बसावं का निघावं ह्या विचारात.

जिना उतरताना ती म्हणाली, "आई, काय झालं?"

"काय व्हायचंय? दोन-दोन माणसं कशाला? लग्न आहे का शूटिंग?"

आणि तिथून मी जी सुटले! तोंड उघडलं की एक नवीन कारण. आमच्या लग्नात एकच होता आणि त्याचा रोल सप्तपदीच्या आधी संपला, काही अडलं का आमचं? हल्ली लग्नात पाहुण्यांना नवरा-नवरी दिसतच नाहीत, फोटोवाल्यांच्या पाठी दिसतात. भटजी मंत्र म्हणतात आणि हे त्यांना सांगतात, गुरुजी, जरा थांबा, परत एकदा हार घाला. हे सगळं खरंच होतं, म्हणून लोकांना पटायचं. आमचे हे तर एकदम माझ्या बाजूला. भटजींना फोनवर सांगितलं तर ते इतके खूश झाले की म्हणाले, तुमच्यासारखे यजमान राहिले नाहीत. खोट्याला इतके साक्षीदार मिळाल्यावर मला अजूनच जोर चढला.

मुलगी पहिल्यांदा भांडली. मग समजावायला लागली. "आई, ते लांबून काढतात गं, मध्ये नाही येत." मग म्हणाली, "माझ्या पगारातून देते." मी म्हटलं, प्रश्न पैशाचा नाही. "मग कशाचा आहे?" ह्याला माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बोलायचं म्हणजे आपलं तोंड आपणच बोटानं दाखवायचं. आणि ते मला जमेना. आपल्याच पोरीला सांगायला लाज वाटावी! तिला मी न्हाऊ-माखू घातलं, तिची ओकारी ओंजळीत धरली, आणि तिच्यासमोर एवढं म्हणता येईना की बाई गं, मला माझं तोंड कुणी बघितलेलं नकोय.

एकदा विहीणबाईंचा फोन आला. मुलीनं त्यांच्या मुलाला सांगितलं असणार, त्यानं आईला. त्या त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाल्या, "रागावणार नसाल तर एक विचारू? तो दुसरा फोटोग्राफर आमच्याकडून असू दे का? मुलांची हौस आहे, बाकी काही नाही." इतकं सरळ, इतकं नीट बोलल्या. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, बरं झालं बाई, सुटले. मी काय म्हणावं? "नको हो. आमच्या दारचं लग्न आहे, आमचं आम्ही बघू. आमच्याकडे असले प्रकार चालत नाहीत." असले प्रकार! त्या म्हणाल्या, "बरं, बरं. तुम्ही म्हणाल तसं." फोन ठेवून मी वळले तर मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी. सगळं ऐकलेलं.

तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. मला ओरडणाऱ्या माणसाशी वागता येतं. ती हळूच म्हणाली, "आई, तुला ह्या लग्नाचा आनंद नाहीये का?"

"काहीतरीच काय बोलतेस? वेड लागलंय का? जा, कणीक भिजव."

ती गेली. कणीक भिजवली. रात्री जेवताना म्हणाली, "राहू दे. एकच सांगते त्याला." पुढे तिनं तो विषय काढलाच नाही. मी जिंकले. जिंकल्याच्या खुशीत दुसऱ्या दिवशी तिच्यासाठी सुरमई आणली, आणि तिनं निमूटपणे खाल्ली.

आणखी एक गोष्ट आहे. आमच्यात लग्न लागताना मुलीच्या आईनं बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिनं बाजूला तुळशीपाशी बसायचं आणि तुळशीला पाणी घालायचं. तिकडे लेकीचं लग्न लागतं आणि आईला नुसतं ऐकू येतं. ह्या प्रथेला मी जन्मभर नावं ठेवली. माझ्या आईलाही मी म्हटलं होतं, हा काय जुलूम! नऊ महिने पोटात वाढवायचं आणि नेमकं तेव्हाच उठवून बाहेर बसवायचं. मुलीला माझी ही मतं पाठ. म्हणून लग्नाच्या आधी ती म्हणाली, "तू थांब ना आई तिथंच. कोण पाळतं आता? भटजींना मी सांगते."

आणि मी, मी म्हटलं, "नको गं. जे चालत आलंय ते पाळलेलं बरं. अपशकुन नको."

कारण तिथं सगळे कॅमेरे, सगळ्यांचे मोबाईल, सगळ्या नजरा. आणि लेकीचं लग्न लागताना मी रडणार हे मला माहीत होतं. रडले की काय दिसतं हेही माहीत होतं. तुळशीपाशी कोण येतंय बघायला? ज्या प्रथेला शिव्या घातल्या तिच्याच पदराआड मी जाऊन बसले. मुलगी "बरं," म्हणाली. त्या दिवसांत ती फार वेळा "बरं" म्हणायला लागली होती.

लग्न दादरच्या हॉलमध्ये झालं. फोटोवाला एकटाच आला, सांगितल्याप्रमाणे. बिचारा घामाघूम होऊन धावत होता. इकडे गौरीहर, तिकडे वरपक्षाचं स्वागत, लगेच मुलगी मामाबरोबर बाहेर. त्याची धावपळ बघून आमचेच पाहुणे म्हणायला लागले, अरे, ह्याला कुणी हाताखाली नाही का? मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. माझा एक डोळा लग्नाकडे आणि एक त्याच्याकडे. गावाहून आलेली नणंद एकदा कोपरानं ढोसून म्हणाली, "वयनी, ग्रूप फोटोक ये मगे, तोंड कित्याक लपवतंस?" मी तिला असं काही झापलं की बिचारी दिवसभर माझ्या वाटेला आली नाही.

मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी उठले. स्टेजच्या बाजूला वधूपक्षाची खोली, तिथं दाराच्या आत तुळशीची कुंडी ठेवली होती, आमच्याच गॅलरीतली. मी तांब्या घेऊन बसले आणि पाणी घालत राहिले. बाहेर सूर, मध्येच भटजींचं "सावधान", अक्षतांसाठी उठलेले हात भिंतीवरच्या सावल्यांत दिसत होते. शेवटचं कडवं झालं, बँड वाजला, टाळ्या झाल्या, आणि मी रडले. मनसोक्त रडले. तोंड वाकडं व्हायचं तेवढं होऊ दिलं. कुणी बघत नव्हतं. मला इतकं मोकळं वाटलं की मी मनातल्या मनात त्या प्रथेचे आभार मानले.

मग डोळे पुसून, पावडर लावून बाहेर आले. कन्यादानाला मी ह्यांच्या उजव्या हाताला बसले, धार्मिक कार्यात बसायचंच असतं तसं. म्हणजे डावी बाजू ह्यांच्याकडे, उजवी मोकळी. फोटोवाला उजवीकडे होता. सगळं मनासारखं. मुलीच्या हातावरून पाण्याची धार सोडताना माझं लक्ष धारेकडे नव्हतं. तो उठून पलीकडे जातो की काय, इकडे होतं.

आणि पाठवणीला मुलगी माझ्या गळ्यात पडली तेव्हा? हे लिहायला माझा हात धजत नाही, पण लिहिते. तिनं मिठी मारली, हुंदका दिला, आणि मी तिचं डोकं हातानं धरून माझ्या डाव्या खांद्यावर घेतलं. डाव्या. म्हणजे तिच्या केसांनी, गजऱ्यानं ती बाजू झाकली जाईल. लोकांना वाटलं आई लेकीला कुरवाळतेय. आई अंदाज घेत होती.

फोटो यायला बरेच दिवस लागले. एका रविवारी मुलगी आणि जावई ते पेनड्राइव्हमध्ये घेऊन आले. जेवणं झाली, जावयांनी टीव्हीला जोडून दिलं, आणि आम्ही चौघं बघायला बसलो.

खरं सांगायचं तर मी सुरुवातीला मुलीला बघतच नव्हते. मी मला शोधत होते. प्रत्येक फोटोत आधी मी कुठंय, कशी आलेय. उजवी बाजू, उजवी बाजू, पाठ, पदर, पुन्हा उजवी बाजू. एक तर इतका छान आला होता, मी वाकून समई लावतेय, की हेसुद्धा म्हणाले, "वा!" माझा जीव भांड्यात पडला. सुटले, म्हटलं. एकदाची सुटले.

तेवढ्यात तो फोटो आला. अंतरपाट निम्मा खाली आलेला, आणि त्यावरून दिसणारा जावयांचा चेहरा. मुंडावळ्या, केसांत अक्षता, आणि हसू. इतकं खरं हसू की बघणाऱ्यालाही यावं. आणि अलीकडे आमच्या मुलीची पाठ. किंचित वळलेली मान, अंबाडा, त्यावरचा गजरा, शालूचा काठ. बस्स.

"किती गोड आलेत गं हे," मी म्हटलं. "आता हिचा लाव."

जावयांनी पुढचा लावला. त्यात हार घालून झाले होते.

"नाही, तो नाही. तेव्हाचाच. हिच्या तोंडाचा."

मुलगी म्हणाली, "तो नाहीये आई. एकच होता ना तो फोटोवाला."

"मग त्यानं तुझा काढायचा ना! नवरी तू आहेस."

"सकाळी त्यानं मला विचारलं, कुठल्या बाजूला उभा राहू? तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, आमच्या बाळाचा मिळेल का? आपण कुठल्या तोंडानं नाही म्हणणार होतो? दुसरा माणूस त्या स्वतः द्यायला तयार होत्या." तिनं हे रागानं म्हटलं नाही. रिमोट हातात फिरवत राहिली. मग म्हणाली, "आणि मला माझं तोंड बघून काय करायचं होतं? मला तो तुझ्यासाठी हवा होता. तू तिथं नसणार होतीस. म्हटलं, लग्न लागताना मी कशी दिसत होते ते आईला निदान फोटोत तरी दाखवू."

आणि मग जे इतके महिने अडलं होतं ते भलत्या वेळी, जावयांच्या देखत, बाहेर पडलं. "मी माझ्या तोंडापायी नको म्हणत होते गं. दोघं असते तर ही बाजू आली असती. मला लाज वाटत होती."

तिनं रिमोट खाली ठेवला. "म्हणजे एवढंच होतं?" म्हणाली. "मला वाटलं, हा तुला पसंत नाही. आई, मी सगळं लग्न तसंच केलं. तुला आवडलं नाहीये असं समजून."

बाजूला बसलेल्या त्या मुलानं मान खाली घातली. त्यालाही ते ठाऊक होतं, हे मला तेव्हा कळलं. माझ्याकडे येऊन माझ्या हातचं जेवून जाताना दर वेळी ते त्याच्या मनात असणार. मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी दोघांसमोर हात जोडले. मुलगी म्हणाली, "वेडी आहेस का?" आणि माझे हात खाली केले. पण जवळ नाही आली. त्या वेळी नाही.

मला आता तो चेहरा हवा होता. कसाही, कुणाकडूनही. ह्यांना विचारलं, "तुम्ही तिथं होतात ना? कशी दिसत होती?" हे म्हणाले, "मला काय दिसणार? माझे डोळे भरले होते." त्याच संध्याकाळी मी गावाला नणंदेला फोन लावला. ती म्हणाली, "रडत होती गो." मामा म्हणाला, छे, हसत होती. शेजारीण म्हणाली, मागे बसले होते, फोटोवालाच मध्ये येत होता. एवढा हॉल भरलेला आणि एकालाही धड सांगता येईना.

पण त्याआधी, ती दोघं निघताना, मी दारात जावयांना गाठलं होतं. मुलगी चप्पल घालून जिन्यापर्यंत पोचली होती. मी म्हटलं, "तुम्ही तर समोर होतात. तुम्ही सांगा. पाट खाली आला तेव्हा कशी होती ती?"

ते म्हणाले, "खरं सांगू का आई? पाट खाली आला तेव्हा ती माझ्याकडे बघतच नव्हती. मान वळवून त्या खोलीच्या दाराकडे बघत होती. तुम्ही आत होता ना. तुम्ही वळून बघाल म्हणून वाट बघत असेल. बराच वेळ तशीच बघत होती, म्हणून तर मला हसू आलं. मग वळली माझ्याकडे."

मी दाराकडे पाठ करून बसले होते. फोटोवाला आत आलाच तर, म्हणून.